शिफारस नको, सोडत काढा

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : राज्य मंडळ व विभागीय मंडळांवरील शिक्षक प्रतिनिधींच्या नेमणुका.

महोदय,



राज्यातल्या कुठल्याही माध्यमिक शाळेत मधल्या सुट्टीत जाऊन विचारा, तुमचे शिक्षक आमदार कोण? नाव चटकन येईल, पक्ष येईल, गेल्या निवडणुकीत कितव्या फेरीत कोटा पूर्ण झाला तेही एखादे सर सांगतील. मग गाडी जुन्या पेन्शनवर जाईल आणि घंटा होईपर्यंत तिथून हलणार नाही. त्याच शिक्षकांना विचारा, बोर्डावर तुमचा प्रतिनिधी कोण? आमच्या शिक्षक खोलीत मी हा प्रश्न टाकला, तर पहिलं उत्तर आलं, “असा कोणी असतो का?”

असतो. ‘महाराष्ट्र माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळे अधिनियम, १९६५’ या कायद्याने बोर्ड उभं राहिलं आणि १ जानेवारी १९६६ पासून कामाला लागलं. पुण्याला राज्य मंडळ आणि त्याच्या हाताखाली पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, कोल्हापूर, अमरावती, लातूर आणि कोकण अशी नऊ विभागीय मंडळं. दरवर्षी दहावीला सोळा लाखांच्या आसपास आणि बारावीला पंधरा लाखांच्या आसपास मुलं या मंडळांच्या परीक्षेला बसतात. मंडळांवर खात्याचे अधिकारी पदसिद्ध सदस्य म्हणून असतात, ते असायलाच हवेत. पण एवढं मोठं काम नुसत्या अधिकाऱ्यांच्या अकलेवर चालायचं नाही, एवढी जाण कायदा करणाऱ्यांना होती. म्हणून शाळा-कनिष्ठ महाविद्यालयांतल्या माणसांसाठीही त्यांनी जागा ठेवल्या. त्या जागांवर शिक्षक म्हणून कोणाला बसवायचं हे शासन ठरवतं. शेवटची सही आपल्या विभागाची असते, म्हणून हे पत्र आपल्याला.

सही होण्याआधी काय होतं, ते थोडं जवळून सांगते.

तालुक्यातल्या एका ओळखीच्या सरांनी काही वर्षांपूर्वी मला एक फाइल वाचायला दिली. अर्जातलं शुद्धलेखन तपासून हवं होतं, तेवढंच. पारदर्शक प्लास्टिकचं फोल्डर, आत चार पानी रंगीत बायोडाटा. त्यामागे दोन आमदारांची शिफारसपत्रं. दोन्हींचा मजकूर शब्दाला शब्द सारखा, फक्त लेटरहेड वेगळं. मग संस्थेच्या सचिवांचं पत्र, संघटनेच्या जिल्हाध्यक्षांचं पत्र, आदर्श शिक्षक पुरस्काराच्या झेरॉक्स, आणि शेवटी शाल-श्रीफळ स्वीकारतानाचे फोटो. मी शुद्धलेखन तपासलं आणि सहज म्हणून सगळी पानं पुन्हा उलटली. आठवड्याला किती तासिका घेता, दहावीला किती वर्षं शिकवलं, किती वर्षं पेपर तपासले, नियामक म्हणून, म्हणजे परीक्षकांनी तपासलेले पेपर पुन्हा पाहण्याचं, काम केलं का, यातलं एक अक्षर त्या फाइलमध्ये नव्हतं. सरांनी ते लपवलं होतं असं नाही, कारण ते वीस वर्षं विज्ञान शिकवत होते आणि चांगलं शिकवत होते. त्यांना ते लिहावंसं वाटलं नाही, कारण कोणी विचारलंच नव्हतं. अर्जाचा नमुना नव्हता. या जागांसाठी अर्ज मागवणारं परिपत्रक, त्यातल्या पात्रतेच्या अटी, शेवटची तारीख असलं काही आमच्या शाळेच्या सूचना फलकावर मी आजवर पाहिलेलं नाही. ‘मुंबईला जाऊन भेटून आलं पाहिजे’ एवढीच पद्धत सगळ्यांना तोंडपाठ.

सरांचं नाव पुढे लागलं नाही. पण लागलं असतं तर काय, याचा मी विचार केला. माणूस सज्जन. बैठकीत समजून-उमजून बोलला असता. पण एखाद्या निर्णयाला शिक्षकांचा विरोध आणि शिफारस देणाऱ्यांचा पाठिंबा असता, तर त्या सरांनी कोणाकडे पाहिलं असतं? ज्यांनी पत्र दिलं त्यांचे दोन फोन नंबर त्यांच्याकडे होते. आम्ही पेपर तपासणारे हजारो जण त्यांच्या हिशेबात कुठे येणार? आम्ही त्यांना ना निवडलं, ना सुचवलं, ना आम्हाला त्यांचं नाव कळलं असतं.

आता आपण म्हणाल, नाव माहीत नसलं म्हणून काय बिघडलं? काम झालं म्हणजे पुरे. म्हणून २०१९ च्या निकालाची आठवण करून देते.

२०१८ मध्ये दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला होता. पुढच्या वर्षी तो ७७.१० टक्क्यांवर आला. मुलं एका वर्षात एवढी कच्ची झाली नव्हती. अभ्यासक्रम नवा होता हे खरं, पण मुख्य कारण दुसरं. भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण काढून घेतले होते आणि लेखी परीक्षा ८० ऐवजी १०० गुणांची केली होती. शाळा ते २० गुण खिरापतीसारखे वाटतात, हा आक्षेप होता आणि त्यात तथ्य होतं. मी स्वतः भाषेची शिक्षिका आहे. १८, १९, २० सोडून दुसरे आकडे नसलेल्या गुणपत्रिका मी कितीतरी पाहिल्यात. पण खिरापत थांबवायची म्हणून तोंडी परीक्षाच बंद करणं, हा उपाय एखाद्या शिक्षकाने सुचवला असेल यावर माझा विश्वास बसत नाही. ज्याने दहावीच्या वर्गाला मराठी शिकवलंय त्याला ठाऊक असतं की, वर्गात धाडधाड बोलणारी, गोष्ट रंगवून सांगणारी, पण दोन ओळी लिहायला बसली की घाम फुटणारी किमान दहा मुलं प्रत्येक तुकडीत असतात. त्यांना तोंडीच्या गुणांनी हात दिला होता, आणि तो फुकटचा नव्हता. त्या शिक्षकाने सांगितलं असतं : तोंडी ठेवा, बाहेरच्या शाळेचा परीक्षक पाठवा, वाटल्यास रेकॉर्डिंग ठेवा. पण हे विचारायचं कोणाला? निकाल लागला, पालक हबकले, सीबीएसई-आयसीएसईची मुलं अकरावीच्या यादीत वर आणि आपली खाली अशी ओरड झाली, आणि त्याच वर्षी अंतर्गत गुण परत आणावे लागले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के. म्हणजे तीन वर्षांत तीन निकाल, आणि मधली एक तुकडी उगाच भरडली गेली. त्या तुकडीतली आमच्या शाळेतली काही मुलं मला अजून बाजारात भेटतात.

त्या निर्णयाच्या वेळी मंडळावरचे शिक्षक प्रतिनिधी काय म्हणाले? कोणी विरोध नोंदवला? नोंदवला असेल तर त्यांना हात जोडून नमस्कार. पण आम्हाला ते कळायला काही वाटच नाही. बैठक कधी झाली, विषयपत्रिकेत काय होतं, कोण काय बोललं, यातलं काहीही शाळेपर्यंत पोचत नाही. शाळेपर्यंत पोचतं ते परिपत्रक.

बोर्डाचं खरं ज्ञान कुठे साठलेलं असतं ते आपल्याला एकदा दाखवावंसं वाटतं. मार्चमध्ये मॉडेल आन्सरच्या बैठकीला येऊन बसा. मराठीची कृतिपत्रिका घ्या. उताऱ्यावर आकृती पूर्ण करायची असते, चौकटी चार. उताऱ्यात मात्र बसतील अशी उत्तरं सहा. नमुना उत्तरात चार दिलेली. एक बाई म्हणतात, उरलेली दोन लिहिली तरी गुण द्या, मुलाचं काय चुकलं? दुसरे सर म्हणतात, नमुन्याबाहेर गेलात तर फेरतपासणीत उत्तर तुम्ही द्याल का? अर्धा तास जातो. जे ठरतं ते त्या बैठकीपुरतं. शेजारच्या जिल्ह्यात उलटं ठरलेलं असू शकतं. मग स्वमताचा प्रश्न येतो. त्यात मुलाने आपलं मत मांडायचं, आणि गठ्ठा उघडला की ओळीने पंचवीस मुलांचं मत एकच, शब्दही तेच, कारण गाईड एकच. हा प्रश्न असाच ठेवायचा की बदलायचा, यावर एकेक नियामक तासभर बोलू शकतो. तो बोलतोही, चहा पिताना. नंतर एक छापील अहवाल भरतो, पाकिटात घालून देतो, आणि पुढच्या वर्षी तसाच प्रश्न पुन्हा येतो.

माध्यमांचंही तेच. आमच्या जिल्ह्यात अक्कलकोटकडे कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत, सोलापूर शहरात तेलुगू आणि उर्दू माध्यमाच्या आहेत. मराठी प्रश्नपत्रिकेचं कन्नडमध्ये भाषांतर होताना एखादी संज्ञा घसरली तर ते समजणारा माणूस त्या वर्गावर शिकवणाराच असतो. विभागीय मंडळाच्या टेबलाशी त्या माध्यमाचा शिक्षक असण्याची शक्यता किती, हे आपणच सांगा. आमदारांच्या लेटरहेडपर्यंत पोचायला जी ओळख लागते, ती अक्कलकोटच्या कन्नड शाळेतल्या बाईंकडे सहसा नसते.

प्रवेशपत्राचंच पाहा. २०२५ च्या जानेवारीत बारावीच्या प्रवेशपत्रावर विद्यार्थ्याचा जातीचा प्रवर्ग छापून आला. ओरड झाली आणि बोर्डाला नवी प्रवेशपत्रं द्यावी लागली. हे छापायचं ठरत असताना वर्गावर शिकवणारा एक जरी माणूस खोलीत असता, तर तो म्हणाला असता की परीक्षेच्या दालनात मुलं एकमेकांची प्रवेशपत्रं पाहतात, हे नको. एवढी साधी गोष्ट सांगायला पीएच.डी. लागत नाही, सुपरविजन केलेलं असावं लागतं.

आणि बोलायला दुसरी जागा नसली की माणूस हाताशी असलेलं हत्यार उचलतो. २०२३ च्या फेब्रुवारीत बारावीची परीक्षा सुरू झाली आणि कनिष्ठ महाविद्यालयांच्या शिक्षकांनी उत्तरपत्रिका तपासणीवर बहिष्कार टाकला. मार्चच्या सुरुवातीला चर्चा झाली, आश्वासनं मिळाली, बहिष्कार मागे घेतला. मागण्या पेन्शनच्या, पदांच्या, वेतनाच्या होत्या. बोर्डाचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता, तरी वेठीला धरलं गेलं ते बोर्डच. न तपासलेले गठ्ठे हा शिक्षकाचा एकमेव आवाज आहे, असा समज गेली कित्येक वर्षं पक्का होत चाललाय. मला तो पटत नाही, कारण गठ्ठा पडून राहिला की त्याच्याखाली मूल दबतं. पण हा समज का पक्का होतो, हे मला समजतं. त्याच परीक्षेत इंग्रजीच्या पेपरात प्रश्नाच्या जागी उत्तर आणि परीक्षकांसाठीच्या सूचना छापून आल्या, आणि सहा गुण मुलांना द्यावे लागले. त्याबद्दल आमच्या खोलीत जी चर्चा झाली ती मंडळाच्या एका बैठकीत झाली असती, तर पेपर काढण्याच्या पद्धतीत दोन-तीन सुधारणा आयत्या मिळाल्या असत्या.

शिक्षकाला मतदान येत नाही म्हणून त्याच्या वतीने नाव ठरवावं लागतं, असं तर नाही ना? कारण आम्ही मतदान भरपूर करतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ प्रमाणे विधान परिषदेच्या एक-द्वादशांश जागा शिक्षकांनी निवडायच्या असतात. आपल्याकडे ७८ पैकी ७ आहेत. माध्यमिकपासून वर शिकवणाऱ्याला, गेल्या सहा वर्षांत तीन वर्षं शिकवलेलं असलं की, मत आहे. विद्यापीठात पाहा : २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने अधिसभेवर दहा शिक्षक निवडून जातात आणि त्यांत आरक्षणही आहे. एकाच इमारतीत तळमजल्यावर बी.ए.च्या वर्गाला शिकवणारे सर अधिसभेसाठी मत देतात, आणि वरच्या मजल्यावर बारावीला शिकवणाऱ्या बाई आपल्या बोर्डावर कोण बसलंय हे कधीतरी, कोणाकडून तरी ऐकतात. दोघांची शिक्षक खोली बहुतेक ठिकाणी एकच असते.

एवढं वाचून आपल्याला वाटलं असेल की ही बाई निवडणूक मागणार. नाही मागत. आमच्या संघटनांमधल्या मित्रांना हे आवडणार नाही, पण मला निवडणूक नको आहे. शिक्षक मतदारसंघाचं काय झालं ते आपल्यासमोर आहे. तिथे निवडून येण्यासाठी उमेदवार स्वतः शिक्षक असावा असं बंधन नाही, त्यामुळे संस्थाचालक येतात, पक्षाचे पदाधिकारी येतात. प्रचारात भेटवस्तू वाटल्याचे आरोप-प्रत्यारोप आपणही वाचता. मतदार नोंदणीचे फॉर्म कोण भरून घेतं आणि का, हे शिपाईमामांनाही माहीत असतं. संस्थेत काम करणाऱ्या शिक्षकाचं मत गुप्त असतं हे खरं, पण मतदान केंद्रापर्यंतची गाडी संस्थेची असते. बोर्डाच्या दोन-चार जागांसाठी हाच सगळा संसार पुन्हा मांडायचा, पॅनल पाडायची, बॅनर लावायचे, तर शिफारसपत्रं परवडली म्हणायची वेळ येईल.

मला हवी आहे सोडत.

हसू नका. सरकार आज महत्त्वाच्या गोष्टी सोडतीनेच ठरवतं. आरटीईच्या २५ टक्के जागांवर गरीब मुलाला कोणती शाळा मिळणार, ते सोडतीत ठरतं. म्हाडाचं घर सोडतीत मिळतं. गावाचं सरपंचपद कोणत्या प्रवर्गाला जाणार, हे तहसीलमध्ये एखाद्या लहान मुलाच्या हाताने चिठ्ठी काढून ठरतं आणि सगळं गाव ते निमूट मान्य करतं. ज्या पद्धतीवर सरपंचपद सोपवतो, तिच्यावर विभागीय मंडळातली एक खुर्ची सोपवायला काय हरकत आहे?

अर्थात सोडत म्हणजे वाट्टेल त्याची चिठ्ठी नव्हे. आधी पात्र शिक्षकांची यादी करायची, आणि ती करायला नवं काही लागत नाही. शालार्थ या वेतन प्रणालीत प्रत्येक अनुदानित शिक्षकाची नोंद आहे. परीक्षक नेमताना शाळा दरवर्षी बोर्डाला शिक्षकांची विषयवार, अनुभवासह माहिती देतात. त्यातून निवडायचं : नववी ते बारावीला दहा वर्षं तरी प्रत्यक्ष शिकवलेलं, पाच वर्षं तरी पेपर तपासलेले, आणि आज रोजी वर्गावर असलेले. मुख्याध्यापकांसाठी वेगळी व्यवस्था असू द्या, त्यांना या यादीत नको. आमच्याकडे मुख्याध्यापक झाला की माणूस हळूहळू खडू विसरतो आणि ऑनलाइन माहिती भरायला लागतो. त्यात त्याचा दोष नाही, पण शिक्षकाची जागा शिक्षकालाच हवी. विनाअनुदानित, अंशतः अनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांतल्या शिक्षकांनाही यादीत घ्या. २० किंवा ४० टक्के पगारावर राबणारी माणसंसुद्धा आमच्याच शेजारी बसून गठ्ठे तपासतात. आश्रमशाळांचे शिक्षक आदिवासी विकास विभागाकडे आहेत म्हणून गळू नयेत, त्यांची मुलं हीच परीक्षा देतात. जिथे दोन जागा असतील तिथे एक बाईंसाठी राखा. जिथे मराठी-इंग्रजीखेरीज इतर माध्यमांच्या शाळा पुरेशा आहेत, तिथे एक जागा आलटून-पालटून त्या माध्यमांना द्या. मग विभागीय मंडळाच्या कार्यालयात, वर्तमानपत्रात तारीख छापून, येईल त्याच्या समोर चिठ्ठी काढा. ज्याचं नाव निघेल त्याने नकार दिला तर पुढची चिठ्ठी. एकदा काम केलं की पुन्हा त्याचं नाव यादीत नाही.

कायदा बदलावा लागेल, असं आपले सचिव म्हणतील. माझ्या समजुतीप्रमाणे लागू नये. नामनिर्देशन शासनच करणार आहे, सही आपलीच राहणार आहे. नाव कुठून यावं याची पद्धत शासन स्वतःसाठी एका निर्णयाने ठरवू शकतं.

दुसरा आक्षेप येईल की सोडतीत अगदी सामान्य शिक्षक येईल, ज्याला बैठकीत बोलायची सवय नाही. मला तो आक्षेप वाटत नाही, तीच माझी मागणी आहे. बोलायची सवय असलेली माणसं शिक्षण क्षेत्रात कमी नाहीत, त्यांना विधान परिषद आहे, संघटना आहेत, चॅनेलच्या चर्चा आहेत. बोर्डाच्या टेबलाशी हवा आहे तो सोमवार ते शनिवार पाच तासिका घेणारा, ज्याच्या दप्तरात अजून तपासायच्या चाचणीच्या वह्या आहेत. पहिल्या दोन बैठकांत तो गप्प बसेल. तिसऱ्या बैठकीत चार चौकटी आणि सहा उत्तरांचा विषय निघाला की बोलू लागेल, कारण त्यावर त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसेल. तो कोणाचं देणं लागत नाही. चिठ्ठीने आलाय, कोणाच्या पत्राने नाही. याचा अर्थ तो संत असेल असा नव्हे. पण त्याला दबवायचं तर नव्याने दबवावं लागेल. आधीच्या उपकाराची आठवण करून देऊन ते होणार नाही.

दडपणाचं मात्र बघावं लागेल. शिक्षकाची नोकरी संस्थेत, आणि संस्थाचालकांचा आवाज मंडळापर्यंत आपोआप पोचलेला. समोर आपल्याच संस्थेचे सचिव बसले असताना त्या संस्थेच्या परीक्षा केंद्रावर कॉपी चालते, असं म्हणायची हिंमत मला तरी व्हायची नाही. म्हणून सदस्य शिक्षकाला बैठकीच्या दिवशी कार्यमुक्त करणं शाळेला बंधनकारक असावं, तो दिवस कर्तव्यावरचा धरावा, आणि सदस्यत्वाच्या काळात त्याच्यावर कारवाई करायची असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय नको. प्रवासभत्ता वेळेवर द्या. हे मुद्दाम लिहिते, कारण नियामक म्हणून केलेल्या कामाचे पैसे पुढची परीक्षा तोंडावर आली तरी आले नाहीत, असं आमच्यातल्या अनेकांनी अनुभवलंय. मंडळाच्या बैठकीला स्वतःच्या खिशातून पुण्याला जायचं असेल तर पुन्हा ज्यांच्याकडे गाडी आहे तेच जातील.

सोडतीने माणूस चांगला येईल, पण एवढ्याने भागणार नाही. तो काय करतो ते आम्हाला दिसलं पाहिजे. आणि इथे तर नवा नियमही लागत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्ये सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून जाहीर करायच्या गोष्टींची यादी आहे. मंडळं, परिषदा, समित्या कोणत्या, त्यांच्या बैठका लोकांसाठी खुल्या आहेत का, त्यांची इतिवृत्तं लोकांना मिळतात का, हे त्यात स्पष्ट आहे. निकालाच्या दिवशी लाखो मुलांची गुणपत्रिका मिनिटांत दाखवणारी बोर्डाची यंत्रणा आहे. प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त पंधरा दिवसांत टाकणं तिला अवघड नाही. प्रश्नपत्रिकेसारख्या गोपनीय विषयांवर काळी पट्टी ओढा, आम्ही काही म्हणणार नाही. गोपनीयता कशाला म्हणतात ते कस्टडीतून सीलबंद पाकिटं आणणाऱ्या माणसांना शिकवावं लागत नाही.

शिक्षक सदस्याकडून मी आणखी एकच अपेक्षा करते : बैठकीआधी विषयपत्रिका विभागातल्या शाळांना पाठवायची आणि आलेली उत्तरं बैठकीत वाचून दाखवायची. पन्नास शाळांनी उत्तर दिलं तरी खूप झालं. बहुतेक शाळा देणारही नाहीत, कारण आम्हाला विचारलं जाण्याची सवय राहिलेली नाही. ती लागायला दोन-तीन वर्षं जातील. तोवर काही उत्तरं वेतनाच्या तक्रारींचीच येतील, तीही वाचावीत आणि संबंधित विभागाकडे धाडून द्यावीत.

मध्येच एक सांगायचं राहिलं. जागा रिकाम्या ठेवणं हा नामनिर्देशनाचा सगळ्यात सोपा प्रकार आहे. मुदत संपते, नवी यादी ‘विचाराधीन’ राहते, कोणाचं नाव घालायचं यावर एकमत होत नाही, आणि शिक्षकाची खुर्ची मोकळीच असते. कोणाचं काही अडत नाही, सगळं सुरळीत चाललंय असंच दिसतं. सोडतीचा एक फायदा हाही आहे की तिला तारीख असते. मुदत संपायच्या महिनाभर आधी सोडत, असं ठरलं की फाइल विचाराधीन राहायला जागाच उरत नाही. सत्ता बदलली, मंत्री बदलले, तरी चिठ्ठ्या त्याच.

आपल्याला हे लगेच, सगळ्या नऊ विभागांत करायला सांगत नाही. एका विभागात करून बघा. आमचा पुणे विभाग घ्या किंवा लातूर घ्या. एक मुदत जाऊ द्या, आणि मग शिफारसीने आलेल्या सदस्यांची आणि सोडतीने आलेल्या सदस्यांची इतिवृत्तं शेजारी-शेजारी ठेवून वाचा. कोण किती वेळा बोललं, कशावर बोललं, कोणाची सूचना परिपत्रकात उतरली, हे कागदावरच दिसेल. सोडतवाले कमी पडले तर खुशाल जुनं चालू ठेवा. मी पुन्हा पत्र लिहिणार नाही.

आणि हेही जमणार नसेल, सोडत आपल्याला फारच विचित्र वाटत असेल, तर निदान पुढची यादी टेबलावर येईल तेव्हा तिच्यात दोन रकाने वाढवायला सांगा. प्रत्येक शिक्षकाच्या नावापुढे : आठवड्याच्या तासिका किती, आणि गेल्या परीक्षेत किती उत्तरपत्रिका तपासल्या. शिफारस कोणाची, हा रकाना फाइलमध्ये कुठेतरी असतोच, त्याच्या शेजारी हे दोन बसतील. ते भरून आल्याशिवाय सही करू नका.

आपली,
दहावीला मराठी शिकवणारी एक शिक्षिका व नियामक,
सोलापूर जिल्हा